लाल नळाचं थंड पाणी

“पाहुणा आला की आधी त्याला नळ सांगायचे. मग बस म्हणायचं, मग चहा विचारायचा. ऐकतेयस ना डेस्ली?”

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण सिंकपाशी उभं राहिलं की डेस्लीला हा आवाज ऐकू यायचाच. आणि हे सांगणं काही एकट्या तिच्या आईच्या, आयव्ही ट्रँटरच्या घरचं नव्हतं. मुंडारा गावात पोर चालायला लागलं की त्याचा पहिला धडा हाच. निळ्या खुणेच्या नळाला चटका, लाल खुणेच्या नळाला थंड. बाकीच्या देशात उलटं असेल तर असू दे.

गावाचं पाणी बोअरचं. जमिनीच्या पोटातून ते वाफा टाकतच वर यायचं आणि तसंच नळात शिरायचं. म्हणून प्रत्येक घराखाली, लाकडी खांबांच्या सावलीत, एक जुनी टाकी असायची. दुसऱ्या गावात जिला वीज जोडून पाणी तापवतात, तीच ही टाकी. इथं तिला वीज जोडायचीच नाही. पाणी तिच्यात रात्रभर पडून निवायचं आणि सकाळी लाल नळातून यायचं. त्याला कुजक्या अंड्यांचा वास होता. तो फक्त परगावच्यांना यायचा. आयव्हीची चांदीची साखळी लग्नाच्या वर्षातच काळी पडली होती आणि तिनं ती तशीच काळी घालून आयुष्य काढलं. साबणाला मात्र फेस असा, की कपडे खळबळताना हात भरून यायचे.

पावसाच्या पाण्याची पत्र्याची टाकीही होती प्रत्येकाकडे. पण हा चौथा उन्हाळा कोरडा चालला होता. टाकीवर वरून खालपर्यंत टिचक्या मारत गेलं तरी आवाज बदलत नव्हता, तळापर्यंत रिकामी.

त्या उन्हाळ्यात काउन्सिलनं बोअरचं पाणी थंड करायचं ठरवलं. गावाबाहेर उंच मनोरा उभा राहिला, त्यात पाणी वरून खाली पाडून निववायचं, मग औषध घालून नळाला सोडायचं. दुसऱ्या कुठल्याशा गावात कोमट पाण्यात वाढणारा जंतू सापडला होता, म्हणून ही घाई. आता निळ्या नळाला थंड येणार, आणि गरम हवं तर प्रत्येक घरात विजेचा गीझर, लाल नळाला जोडलेला. गीझर काउन्सिल बसवून देणार होतं.

प्लंबर आला तो किनाऱ्याकडचा. ट्रेंट नाव त्याचं. घराखाली वाकून जुन्या टाकीवर त्यानं हात आपटला.

“केवढी जुनी आहे ही?”

“माझ्याएवढी,” डेस्ली म्हणाली. ती साठीला आली होती.

“मग दोघींनीही आता आराम करा.” तो आपल्याच विनोदावर हसला.

डेस्ली त्याच्या मागे मागे फिरत राहिली. शेवटी तिनं विचारून टाकलं. “पाइप उलटे जोडता येतील का रे? म्हणजे लाल नळाला थंडच येऊ दे. गरम निळ्याला सोड.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग वर ओट्यावर खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. “नियमात बसत नाही ते. लाल म्हणजे गरम. उलटं जोडलं तर माझं लायसन जाईल.”

“इथं तर कायम उलटंच होतं.”

“म्हणून तर बदलतोय ना!” मग जरा मऊ होऊन म्हणाला, “न्हाणीघरात मी एक व्हॉल्व बसवतो. तिथं फार कडक येणार नाही. स्वयंपाकघर आणि बाहेरची धुण्याची खोली, तिथं तेवढं सांभाळा. भांड्यांना, कपड्यांना कडक लागतंच की.”

वरून म्हाताऱ्याचा आवाज आला. “ए पोरा, सगळं सांगून झालं असेल तर बस. चहा घेणार का?”

डेस्लीचा बाबा, क्लॅरी ट्रँटर, शहाऐंशीचा होता. हाडापेरानं अजून मजबूत, पण साखरेच्या आजारानं पायातली जाणीव गेलेली. तळव्यात काटा मोडला तरी त्याला कळायचं नाही. डेस्ली रोज संध्याकाळी त्याचे पाय धुऊन, उजेडात धरून, बोटांच्या बेचक्या तपासायची. सरकारी दवाखान्याच्या सिस्टर ग्लेनिसनं तिला ते शिकवलं होतं. आणि डोक्याचंही आता तसंच झालं होतं. कालचं निसटायचं, पन्नास वर्षांपूर्वीचं घट्ट.

उभा जन्म त्यानं पाटांवर काढला होता. बोअरमधून निघून मेंढ्यांच्या रानात कोसच्या कोस जाणारे उघडे पाट. ट्रॅक्टरला लोखंडी फाळ बांधून तो त्यातला गाळ ओढायचा, लव्हाळा उपटायचा, फुटलेला बांध फावड्यानं लिंपायचा. कुणाच्या रानात पाणी पोचलं नाही की लोक आधी क्लॅरीच्या नावानं शिव्या द्यायचे आणि मग काउन्सिलच्या. पुढे पाट बुजवून पाइप टाकले. त्याला घरी बसवलं तेव्हा एक घड्याळ दिलं होतं. ते त्यानं बोअरच्या पाण्यात पडू दिलं. मुद्दाम, असं आयव्ही म्हणायची.

नवं पाणी सोमवारी आलं, ते लालभडक. पाइपांच्या आत बसलेलं कैक वर्षांचं कीट औषधानं सुटून आलं होतं. डेस्ली दवाखान्याच्या धुलाईत कामाला होती. त्या आठवड्यात चादरींवर चहा सांडल्यासारखे डाग पडले. ती त्या पुन्हा भिजवायची, पुन्हा चोळायची. खांदे भरून यायचे. दुपारी घरी यावं तर बाबा लाल नळापाशी पेला घेऊन उभा.

“बाबा! निळा!”

“थंडच येतंय बघ. हात लाव.”

त्याचंही खरं होतं. लाल नळ सोडला की पाइपातलं साठलेलं पाणी आधी थंडच यायचं. कडक पाणी मागून, न सांगता यायचं.

“जरा थांब म्हणजे कळेल. आतापर्यंत मी किती वेळा सांगितलं? निळा म्हणजे थंड, निळा.”

“आयव्ही म्हणायची लाल.”

“आई आता नाहीये. निळा!”

तिनं लाल नळाला चिंधी बांधली. त्यानं ती सोडली आणि तिलाच नाक पुसलं. तिनं नळावर पुठ्ठा टांगला, त्यावर हाताचा पंजा काढून फुली मारली. त्यानं तो काढून शेजारच्या ऑलिव्हआंटीला दाखवला. “बघ, माझ्या पोरीनं मला शाळेत घातलंय.”

ऑलिव्हआंटी कुंपणापलीकडे राहायची. क्लॅरीपेक्षा थोडी लहान. तिच्या घरचे लोक ह्या मातीत बोअरच्या, गावाच्या, मेंढ्यांच्या कितीतरी आधीपासूनचे. आख्खं गाव, गोरं असो काळं असो, तिला आंटीच म्हणायचं. तिचा भाऊ क्लॅरीबरोबर पाटांवर होता.

“शिकेल तो,” आंटी डेस्लीला म्हणाली. “तू ओरडायचं तेवढं थांबव. गल्लीच्या टोकाला ऐकू येतं. आता आख्ख्या गल्लीला पाठ झालंय, निळा निळा.”

डेस्लीचे कान तापले. रोज पहाटे चहाच्या आधी ती एक स्तोत्र वाचायची, वाचल्याशिवाय तोंडात पाणी घालायची नाही. आईच्या आजारपणात धरलेला नेम होता तो. दुसऱ्या दिवशी त्या स्तोत्रात जिभेला आवर घालायचं आलं. तिनं वाचलं, पुस्तक मिटलं, आणि दुपारी पुन्हा ओरडली.

तिसऱ्या आठवड्यात पाणी काचेसारखं झालं. शनिवारी काउन्सिलनं गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. भिंतीवर जुने फोटो लावले होते. बोअरचा मनोरा, उंटांच्या गाड्या, पहिल्या दिवशी आकाशात उडालेलं पाणी आणि त्याखाली टोप्या काढून उभे असलेले लोक. त्यातला एक क्लॅरीचा आजा. लांब टेबलावर स्कोन म्हणजे छोटे गोडसर पाव, जॅम आणि नव्या पाण्यानं भरलेल्या सुरया.

मेयर हॅलोरन बोलायला उठले. “मित्रहो, शंभरावर वर्षांपूर्वी इथं काय होतं? धूळ. एक थेंब पाणी नव्हतं. त्या शूर माणसांनी...”

“होतं की,” मागच्या बाकावरून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. ऑलिव्हआंटी मांडीवर पर्स घेऊन बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

“झरा होता. टेकाडाच्या पायथ्याशी, जिथं आता तुमचं घोड्यांच्या रेसचं मैदान आहे तिथं. माझी आजी त्याच्यावर वाढली. तुमची बोअर लागली आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तो आटला. पोटातलं पाणी एकच ना. इकडून सोडलं, तिकडून गेलं.”

“हे... हे कुठं नोंदलेलं दिसलं नाही आम्हाला,” मेयर म्हणाले.

“विचारलं कुणी नाही आम्हाला.”

कुणीतरी कप बशीत ठेवला. मेयर हसून म्हणाले की हा सगळ्यांचाच वारसा आहे, आणि घाईनं क्लॅरीला पुढं बोलावलं. पाटांवरचा शेवटचा माणूस म्हणून नव्या पाण्याचा पहिला पेला त्याच्या हातात द्यायचं ठरलं होतं.

डेस्लीनं त्याला दंडाला धरून नेलं. क्लॅरीनं पेला उजेडात धरला. हुंगला. एक घोट घेतला आणि तोंडात घोळवत राहिला.

“कसं काय आहे क्लॅरी?” मेयरनी माइक त्याच्यापुढे धरला.

“ह्यात पाणी कुठाय?”

हॉलभर हशा झाला. मेयरही हसले, पण जरा उशिरा. क्लॅरीला हशाचं कारण कळलं नाही. तो माइककडे बघून म्हणाला, “ऑलिव्ह म्हणते ते बरोबर आहे. आजा सांगायचा. बोअर लागेपर्यंत हे फोटोतले लोक झऱ्याचंच पाणी प्याले. तिच्या आजीनंच दाखवला त्यांना. फोटोत ती नाही, त्याला कोण काय करणार.”

“चल बाबा,” डेस्ली दबक्या आवाजात म्हणाली. आपल्या बाबानं बऱ्या कपड्यांतल्या लोकांसमोर असं बोलावं याची तिला लाज वाटत होती. तिनं त्याला घाईनं खाली आणलं. पायरी चुकून तो जरा हेलपाटला.

“सांभाळ की त्याला,” आंटी म्हणाली.

पुढच्या मंगळवारी पारा फार चढला. दवाखान्यात धुलाईचं एक यंत्र बंद पडलं होतं, त्यामुळे चादरी हातानं पिळाव्या लागल्या. डेस्ली घरी आली तेव्हा तिची कंबर सरळ होत नव्हती. तरी तिनं आधी बाबाचे पाय धुवायचं ठरवलं. ते झालं की मग बसता येईल.

धुण्याची खोली म्हणजे मागच्या बाजूला पत्र्याची शेड. सिमेंटची टाकी, वर दोन नळ, त्यांना लावायची रबरी नळी. क्लॅरी नेहमीच्या स्टुलावर बसला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय टाकीत सोडले. डेस्लीनं नळी उचलली, नळावर चढवली, चावी फिरवली.

“डेस,” तो म्हणाला. “निळा ना?”

“गप बस हं बाबा. आज नको.” तिला वाटलं, तो पुन्हा खोड्या काढतोय, किंवा धडा म्हणून दाखवतोय. “मला माहितेय.”

तिनं पाण्याखाली बोटं धरली. थंड होतं. नळी त्याच्या पावलांवर टाकून ती साबण आणि टॉवेल आणायला वळली. साबणाची वडी फळीच्या मागे पडली होती. ती वाकून शोधत राहिली, मग पाठीला कळ आली म्हणून क्षणभर भिंतीला टेकून उभी राहिली. मागून बाबा काहीतरी गुणगुणत होता, जुनं, मेंढ्या हाकतानाचं.

वळली तेव्हा टाकीतून वाफ निघत होती.

त्यानं पाय काढले नव्हते. त्याला काही कळलंच नव्हतं. दोन्ही पावलं घोट्यांपर्यंत शिजवल्यासारखी लाल झाली होती आणि एका पायाच्या वरची कातडी ओल्या कागदासारखी सरकत होती. तो अजून गुणगुणतच होता. तिचा चेहरा बघून थांबला.

“काय झालं गं?”

नळी लाल नळावर होती. तिनंच चढवली होती. साठ वर्षांच्या हातानं, न बघता.

तिनं निळा नळ पूर्ण सोडला, त्याचे पाय त्याच्याखाली धरले, आणि ऑलिव्हआंटीला हाका मारत राहिली. आंटीच्या नातवाच्या ट्रकमधून ते दवाखान्यात गेले.

सिस्टर ग्लेनिस बोलताना हातही चालवत राहायची. पट्ट्या ओल्या करता करता तिनं विचारलं, “कसं काय झालं क्लॅरी हे?”

डेस्ली तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “नळ. मी लाल नळ सोडला.”

“तुम्ही?”

“माझीच सवय. ही बिचारी महिनाभर ओरडतेय, तू उघडशील, तू उघडशील.” तो डेस्लीकडे वळला. “उघडला बघ शेवटी. तूच म्हणत होतीस ना?”

तो खोटं बोलत नव्हता. डेस्लीला त्याच्या डोळ्यांत दिसलं, त्याला खरंच तसं आठवत होतं. तिनंच रोज थोडं थोडं करून ते त्याच्या डोक्यात घातलं होतं.

ग्लेनिसनं डेस्लीच्या खांद्यावर हात ठेवला. “तू स्वतःला दोष देऊ नकोस हं. तुझ्यासारखं करणारी लेक मी बघितली नाही. पण एकटीनं किती डोळ्यात तेल घालून बसणार?”

डेस्लीनं मान खाली घातली. ती मान खाली घालणं ग्लेनिसला होकारासारखं वाटलं असेल. नंतर ती मान वर करायला जागाच सापडली नाही.

गोष्टी आपोआप पुढं सरकल्या. क्लॅरीला वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी धुलाईच्या खोलीत ग्लेनिस स्वतः आली.

“किनाऱ्याकडच्या बाई परवा येतायत. म्हातारी माणसं घरी राहू शकतात का, ते त्या ठरवतात. मी सांगणार आहे की त्याला एकटं ठेवणं आता धोक्याचं आहे. नळ उघडला, उद्या गॅस उघडेल. समुद्राजवळ एक चांगलं घर आहे म्हाताऱ्यांचं, तिथं खाट रिकामी आहे. तू कामावर असतेस, कोण बघणार त्याला?”

“हो,” डेस्ली म्हणाली.

“मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाही.”

ती चादर पिळत राहिली. पाणी निथळून थांबलं तरी पिळत राहिली.

त्या संध्याकाळी घर रिकामं होतं. पाय धुवायचे नव्हते, गोळ्या मोजायच्या नव्हत्या, कुणी पेला घेऊन सिंकपाशी उभं नव्हतं. तिनं मटणाचा एक चॉप परतून उभ्यानंच खाल्ला, पलंगावर जरा पडली, आणि एकदम सकाळ झाली होती. काकाकुवे झाडात भांडत होते. कित्येक वर्षांत ती अशी सलग झोपली नव्हती. अंग हलकं होतं. ते हलकेपण तिला इतकं बरं वाटलं की ती घाबरून उठून बसली.

स्तोत्राचं पुस्तक उघडलं. अक्षरं दिसत होती, ओळ पुढं सरकत नव्हती. तिनं ते मिटलं आणि त्या दिवशी पाणीही प्यायली नाही.

दुपारी कुंपणापाशी आंटी भेटली. तिच्या हातात झाकलेलं भांडं होतं. “क्लॅरीला ने. दलिया आहे. दवाखान्यातलं त्याला गिळवत नाही.”

“नेते.”

“म्हणे नळ त्यानं उघडला.”

“तो तसं म्हणतो.”

आंटीनं तिच्याकडे पाहिलं. ऊन डोक्यावर होतं, तरी ती सावलीत सरकली नाही. “मी तुला हाक मारताना ऐकलं त्या दिवशी. आणि त्याच्या आधीही ऐकलं. पत्र्याची शेड आहे, आवाज येतो. तो काहीतरी निळा म्हणाला.”

डेस्लीच्या हातात भांडं आलं, ते गरम होतं.

“मी काही कुणाला सांगायला जाणार नाही,” आंटी म्हणाली. “माझं काम नाही ते. दलिया सांडू नकोस.”

वॉर्डात पडदे ओढलेले होते. क्लॅरीच्या पायांवर पिंजरा ठेवला होता, चादर टेकू नये म्हणून. त्यानं दोन चमचे दलिया खाल्ला आणि चमचा बाजूला केला.

“समुद्राकडे पाठवणार आहेत म्हणे मला.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पण सगळे हळू बोलायला लागले की ते माझ्याबद्दलच असतं.”

डेस्लीनं भांड्यावर झाकण ठेवलं. “बाबा, नळ तू नाही उघडलास. मी उघडला. तू मला सांगत होतास, निळा. मी ऐकलं नाही.”

तो हसला. तिच्या मनगटावर त्यानं आपला खरखरीत हात ठेवला. “तुझी आई अशीच होती. पाट माझ्या हातनं फुटायचा आणि ती काउन्सिलला सांगायची, चूक माझी, मीच त्याला कामावरून घरी बोलावून घेतलं होतं म्हणून. नको गं असलं अंगावर घेऊ.”

“खरं सांगतेय.”

“बरं बरं.”

तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा बरं म्हटलं. कुणाला समजावावं तसं म्हटलं. तिला समजलं की इथं सांगून काही उपयोग नाही. तिनं त्याच्या डोक्यात घातलेलं आता तिच्याच्यानं निघणार नव्हतं.

जरा वेळानं तो छताकडे बघत म्हणाला, “चूक केली म्हणजे सोसायला पाहिजे, ते मला कळतं. पण तिकडे मला कोण ओळखणार? इथं मी विसरलो तरी गाव मला सांगतं, तू क्लॅरी आहेस म्हणून. दुकानात गेलो तर दुकानदार सांगतो. तू ओरडून सांगतेस. तिकडे विसरलो तर संपलंच की.”

डेस्लीनं पिंजऱ्यावरची चादर सारखी केली.

“घरी ने मला डेस.”

“नेते.”

“बोलायचं म्हणून नको बोलू.”

“नेते म्हटलं ना बाबा. घरीच नेते.”

तो झोपेपर्यंत ती बसून राहिली. ग्लेनिस दोनदा येऊन गेली, गालातल्या गालात हसली, हातानं ‘सगळं ठीक’ अशी खूण केली. डेस्लीनं दोन्ही वेळा नजर वळवली.

त्या रात्री तिला झोप आली नाही. नळ कुणी उघडला हे सांगितलं तर काय होईल, ते तिनं नीट मनात मांडून बघितलं. त्याच दवाखान्यात तिची नोकरी. त्याच बायकांबरोबर दुपारचा चहा. बाबाचे पाय भाजणारी डेस्ली, हे मुंडारात मरेपर्यंत पुसलं जाणार नाही; गाव छोटं आहे आणि गावाला दुसरं काम नाही. शिवाय खरं सांगूनही ते म्हणतील, मग तुझ्यापाशी तरी कसा ठेवायचा त्याला? आणि राहू दिलाच तर रोजचे पाय, रोजच्या गोळ्या, रोजची अर्धी झोप. आता तर जखमा बांधायच्याही. तिनं त्यातलं काही लहान करून बघितलं नाही. जसं होतं तसं ठेवलं.

पहाटे उठून तिनं स्तोत्र वाचलं. आज ओळी सरकल्या. कोणतं होतं ते तिला नंतर आठवलं नाही. मग पेलाभर पाणी प्यायली, केस बांधले, चर्चला घालायचा निळा फ्रॉक घातला. तो अंगात चढवताना खांदे दुखले. शुक्रवार होता, तिची सुट्टी. किनाऱ्याकडच्या बाईंचं विमान दहाच्या सुमाराला उतरायचं होतं आणि त्याच्या आधी ग्लेनिस कपाटाच्या खोलीत एकटी सापडायची, पट्ट्या मोजत.

बाहेर उजाडलं होतं पण ऊन अजून जमिनीवर उतरलं नव्हतं. ऑलिव्हआंटी पायरीवरची धूळ झाडत होती. झाडू थांबवून तिनं फ्रॉककडे पाहिलं.

“आज सुट्टी ना तुझी?”

“हो.”

“मग इतक्या सकाळी नटून कुठं?”

“ग्लेनिसकडे. तिला एक सांगायचं राहिलंय.”

आंटीनं मान हलवली. झाडू पुन्हा चालू झाला, मग पुन्हा थांबला. “नातवाला उठवू? ट्रकनं सोडेल.”

“नको. चालत जाते,” डेस्ली म्हणाली. “बोलायचं काय ते जुळवायचंय.”

तिनं फाटक ओढून घेतलं. रस्त्याच्या कडेला धूळ मऊ होती, तिच्यात बुटांचा आवाज येत नव्हता. धुलाईकडे जाणारी मागची वाट सोडून ती दवाखान्याच्या पुढच्या दाराच्या रस्त्याला लागली.